हौशी संगतकार आणि अनेक संचांची बांधिलकी : एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सांगीतिक जीवनाविषयी लिहिताना घराणी, मैफली, संगीत रंगभूमी आणि चित्रपटसंगीत यांचा विचार विपुल झाला आहे. गावोगावचे संगीत ज्याच्या आधारावर प्रत्यक्षात उभे असते, त्या हौशी संगतकाराकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. दिवसा बँकेत, शाळेत, पंचायत समितीत किंवा स्वतःच्या दुकानात काम करणारा आणि संध्याकाळी तबला, पखवाज किंवा पेटी वाजविणारा हा माणूस बहुधा एकाच संचाचा नसतो. सोमवारी तो भजनी मंडळात असतो, बुधवारी भावगीतांच्या तालमीत, शनिवारी कीर्तनात आणि रविवारी कुणाच्या तरी एकसष्टीच्या कार्यक्रमात. या प्रत्येक ठिकाणी त्याला 'आपला माणूस' म्हणून गृहीत धरलेले असते. एकाच वेळी चार ठिकाणी 'आपला' असणे म्हणजे नेमके काय, त्यातून कोणते ताण निर्माण होतात आणि ते कसे निभावले जातात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

हा प्रश्न वरकरणी वेळेच्या नियोजनाचा वाटतो. तारखा नीट लिहून ठेवल्या की तो सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. तारखा काटेकोरपणे सांभाळणारे वादकही दुखावलेले संबंध घेऊन वावरताना दिसतात, आणि कधीही वेळेवर न पोहोचणारा एखादा पखवाजवादक सर्वांना प्रिय असतो. याचे कारण असे की, निरनिराळ्या संचांना संगतकाराकडून जे हवे असते ते एका जातीचे नसते. कुणाला त्याची तारीख हवी असते, कुणाला तालीम, कुणाला निव्वळ उपस्थिती, तर कुणाला तो सगळाच्या सगळा हवा असतो. या मागण्या एकाच मापाने मोजल्या की घोटाळ्यास प्रारंभ होतो.

'हौशी' या शब्दाचा अर्थ

जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे असे तिन्ही प्रकारचे लोक जमतात, असे आपण म्हणतो. त्यातील 'हौशे' हा शब्द निरुपद्रवी असला तरी त्याला कमीपणाची किंचित छटा आहे. हौस म्हणजे ज्यावाचून अडत नाही ती गोष्ट. हौशी नट, हौशी गायक असे म्हणताना 'जमले तर जमले' असा भाव त्यामागे दडलेला असतो. संगतकाराच्या बाबतीत हा भाव साफ चुकीचा ठरतो, कारण तो आला नाही तर इतर दहा जणांची हौस अडते.

कॅनडातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये मांडलेली 'गंभीर फुरसत' ही संकल्पना येथे उपयुक्त आहे. फुरसतीच्या वेळी केलेली प्रत्येक गोष्ट विरंगुळा नसते. काही छंदांत चिकाटी लागते, विशेष कौशल्य कमवावे लागते, त्यात व्यवसायासारख्या पायऱ्या असतात आणि माणसाची ओळखच त्या छंदाशी जोडली जाते, असे स्टेबिन्स यांचे प्रतिपादन आहे. गावात एखाद्याला 'तबल्याचे जोशी' किंवा 'पेटीवाले पाटील सर' म्हणून ओळखले जाते. त्यांच्या कार्यालयातील हुद्दा अनेकांना ठाऊकही नसतो. ही ओळख त्यांनी पोटासाठी मिळवलेली नसली, तरी ती गमावणे त्यांना नोकरीतील बढती गमावण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लागते.

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रूथ फिनेगन यांनी इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या शहरातील हौशी संगीताचा अभ्यास करून १९८९ मध्ये 'द हिडन म्युझिशियन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गावातील संगीत म्हणजे काही व्यक्तींचे विखुरलेले छंद नव्हेत. त्यामागे न दिसणाऱ्या, नियमित आणि परस्परांत गुंतलेल्या श्रमांची व्यवस्था असते, हे त्यांनी दाखवून दिले. चर्चमधील गायनवृंद, ब्रास बँड आणि रॉक संगीताचे गट हे तेथील विश्व आपल्याकडील भजनी मंडळापेक्षा वेगळे असले, तरी हे निरीक्षण येथेही तंतोतंत लागू पडते.

संगतकार थोडे, संच फार

एका संगतकारावर अनेक संचांचा भार का येतो? याचे उत्तर साध्या गणितात आहे. गाणारे पुष्कळ असतात. वीस जणांच्या भजनी मंडळात वीसही जण गाऊ शकतात, परंतु पखवाज एकालाच वाजवावा लागतो. गायकाला जी हौस सहा महिन्यांत भागवता येते, तिला साथ देणारा हात तयार होण्यास सहा-आठ वर्षे लागतात. परिणामी गावात गाण्याचे गट पाच-सहा आणि विश्वासाचे तबलावादक दोन अशी स्थिती निर्माण होते. त्या दोघांतील एकाची बदली झाली की उरलेल्याकडे सर्वांची रीघ लागते.

संगीत शिक्षणाच्या प्रचलित पद्धतीचाही यात वाटा आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे तबल्याचे शिक्षण लहान गावांपर्यंत पोहोचले, हे निर्विवाद आहे. प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षांची वाट त्याने सर्वांना खुली केली. परंतु या वाटेवर पेशकार, कायदा, रेला अशा स्वतंत्र वादनाच्या सामग्रीवर भर असतो. बुवांनी अभंगाचा शेवटचा चरण लांबवला तर कुठे थांबावे, कीर्तनकाराने आख्यान सांगता सांगता अचानक साकी उचलली तर हात कसा टाकावा, हौशी गायिकेची लय अंतऱ्यात सुटली तर तिला न दुखावता समेवर कसे आणावे, या गोष्टी परीक्षेत विचारल्या जात नाहीत. त्या शेजारी बसूनच शिकाव्या लागतात. त्यातच दहावीचे वर्ष आले की तबल्यावर खोळ चढते आणि बहुतेकांच्या बाबतीत ती पुन्हा निघत नाही. अध्यापक या नात्याने प्रत्येकाच्या वर्गात असा एखादा विद्यार्थी बसलेला असतोच.

दोन पंचांगे

हौशी संगतकार दोन कालगणनांत जगतो. त्याची नोकरी इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे चालते आणि संगीत पंचांगाप्रमाणे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा अधिक मास ही तूट भरून काढतो. त्यामुळे सण मागे-पुढे सरकत राहतात. २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्याने गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली. एका वर्षी सहामाही परीक्षेच्या तोंडावर येणारा उत्सव दुसऱ्या वर्षी सत्राच्या मध्यावर येतो. गतवर्षी जमले म्हणून यंदा जमेलच, असा हिशेब या व्यवहारात कधीच करता येत नाही.

याहून मोठी अडचण अशी की, सर्व संचांचे गर्दीचे दिवस एकच असतात. श्रावणातील भजने, भाद्रपदातील दहा दिवस, नवरात्र, कोजागरी, त्यानंतरच्या काकड आरत्या, दिवाळी पहाट, दत्तजयंती, चैत्रातील रामनवमी या क्रमात एकाही संचाचा उत्सव दुसऱ्याच्या सोयीने हलत नाही. पितृपक्षाचा पंधरवडा तेवढा मोकळा असतो. घरची राहिलेली कामे संगतकार त्याच काळात उरकतो, असे विनोदाने म्हटले जाते. त्यात विनोद थोडाच आहे.

२०२३ सालची रामनवमी ३० मार्चला आली. बँकेत नोकरी करणारा एक तबलावादक उदाहरणादाखल कल्पून पाहावा. सकाळी दहापासून मंदिरात जन्मोत्सवाचे कीर्तन. ते दुपारी बारा वाजता पाळण्यापाशी येऊन पूर्ण होणार. संध्याकाळी सहाला तालुक्याच्या सभागृहात 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ज्या मालिकेस प्रारंभ झाला, त्या ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या छप्पन गीतांपैकी निवडक गीते हौशी गायक सादर करणार, आणि त्यासाठी महिनाभर तालमी झालेल्या. रात्री भजनी मंडळाची पालखी. दुसऱ्या दिवशी ३१ मार्च, म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर. कागदावर यातील एकही वेळ दुसरीवर चढत नाही. वेळेच्या नियोजनाच्या दृष्टीने हा दिवस आदर्शच म्हणावा लागेल. तरीही रात्री पालखीपुढे उभा राहणारा वादक सकाळच्या कीर्तनात बसलेला वादक नसतो. बोटे जड झालेली असतात, कान थकलेले असतात आणि ज्या मंडळाने त्याला लहानपणी पहिल्यांदा पखवाजाला हात लावू दिला, त्याच मंडळाच्या वाट्याला दिवसाचा उरलासुरला भाग येतो. मंडळ तक्रार करीत नाही. मात्र ही गोष्ट मंडळाला कळत नाही असे समजण्याचे कारण नाही.

बांधिलकीच्या जाती

भजनी मंडळ जी बांधिलकी मागते ती हजेरीची आहे. तेथे तालीम आणि कार्यक्रम असा भेद जवळजवळ नसतो. दर एकादशीला किंवा दर गुरुवारी बसायचे, रूपाच्या अभंगापासून गौळण आणि भैरवीपर्यंत जायचे, आणि उठायचे. वादन थोडे कमी-अधिक झाले तरी चालते. न येणे चालत नाही. ही सेवा मानली जात असल्याने तिला बिदागी नसते आणि बिदागी नसल्यामुळेच तिला सुट्टीही नसते. पैसे घेणाऱ्याला 'या वेळी जमणार नाही' असे सांगता येते. सेवेकऱ्याने तेच सांगितले तर त्यास श्रद्धेचा प्रश्न समजले जाण्याचा धोका असतो.

भावगीतांचा किंवा जुन्या चित्रपटगीतांचा संच याच्या नेमका उलट असतो. तेथे सुपारी घेतलेली असते, तारीख ठरलेली असते आणि ती तारीख पाळणे हीच मुख्य बांधिलकी असते. एरवी तीन महिने कुणी कुणाला भेटले नाही तरी कुणाचे काही बिघडत नाही. ध्वनिव्यवस्थेचे पैसे, सभागृहाचे भाडे, निवेदकाचे मानधन या साऱ्यांत आधीच रक्कम गुंतलेली असते. त्यामुळे आदल्या दिवशी आलेला नकार हा मनाला लागण्यापूर्वी खिशाला लागतो.

हौशी संगीत नाटकाचा संच तालमीचा भुकेला असतो. राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेला ऑर्गनवादक आणि तबलावादक केवळ प्रयोगापुरते मिळून भागत नाही. नटाला पद कुठे उचलायचे, संवादातील कोणत्या शब्दावर ऑर्गनने सूर द्यायचा, हालचालीमुळे श्वास कमी पडला तर आवर्तन कसे भरायचे, हे सर्व पन्नास तालमींत ठरत जाते. तालमींना न येता प्रयोगाला अचूक वाजविणारा वादक तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतो, परंतु नाटकातील मंडळी त्याला मनोमन आपला मानीत नाहीत. आणि तालमींचा काळ नेमका लग्नसराईच्या व दत्तजयंतीच्या आसपास येतो.

चौथी जात सर्वस्व मागणारी आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ लुईस कोझर यांनी १९७४ मध्ये 'हव्याशा संस्था' अशी एक संकल्पना मांडली. माणसाची संपूर्ण निष्ठा मागणाऱ्या आणि त्याचे इतर संबंध जाणीवपूर्वक सैल करू पाहणाऱ्या संस्थांना उद्देशून त्यांनी ती वापरली. कोकणातील डबलबारी भजनात दोन बुवा परस्परांसमोर बसून आळीपाळीने गातात. तेथे एका बुवांचा पखवाजवादक दुसऱ्या बुवांना साथ करील ही कल्पनाच कुणाला रुचणार नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांमधून रुजलेल्या आणि पुढे अन्यत्र पसरलेल्या ढोल-ताशा पथकांचेही काही अंशी असेच म्हणता येईल. गणेशोत्सवापूर्वी दीड-दोन महिने रोज संध्याकाळी तालीम, पथकाचा स्वतंत्र वेश, त्याचा ध्वज आणि त्याचा अभिमान यांमुळे वादक त्या काळापुरता पथकाचा होऊन जातो. तबला शिकणारा विद्यार्थी पथकात गेला की ढोलावरील थापीने त्याचा हात जड होतो आणि गुरुजी नाराज होतात. पथकांची ही मागणी अन्यायकारक आहे असे मात्र सरसकट म्हणता येणार नाही. ती मोसमी आहे, उघड आहे आणि प्रारंभीच सांगितली जाते. न सांगता सर्वस्व मागणारे लहानसे मंडळ त्यापेक्षा अधिक जड जाते.

वाद्याची अडचण

या सर्व चर्चेत वाद्य विसरले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला तर ते दिसतच नाही. गायक एका संचातून दुसऱ्या संचात जातो तेव्हा तो आपला गळा बरोबर घेऊन जातो. तबलावादकाला मात्र प्रत्येक संचाच्या पट्टीप्रमाणे वेगळा तबला लागतो. पुरुष गायक बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातात. त्यासाठी साधारण साडेपाच इंच तोंडाचा तबला सोयीचा असतो. काळी चार वा त्याच्या आसपास गाणाऱ्या गायिकेसाठी त्याहून लहान, पाच इंचांच्या आसपास तोंडाचा तबला लागतो. गठ्ठे ठोकून एकच तबला थोडाफार वर-खाली करता येतो. त्यापलीकडे ताणला तर नाद आखडतो, आणि अधिक ताणल्यास पुडीच जाते. काळी एकचा स्वर हा काळी चारच्या षड्जाचा शुद्ध मध्यम होय. त्यामुळे काही रचनांत तोच तबला मध्यमात चालवून वेळ मारून नेता येते, परंतु हा उपाय प्रत्येक गाण्याला मानवत नाही. शिवाय गणेशोत्सव पावसाळ्यात येतो. दमट हवेने कातडे सैल पडते आणि मंडपात लावलेला तबला मध्यंतरापर्यंत उतरलेला असतो.

थोडक्यात, अनेक संचांत वाजविणाऱ्या हौशी तबलावादकाच्या घरी किमान तीन-चार तबले असतात, आणि पुड्या बदलण्याचा खर्च तो आपल्या पगारातून करतो. पेटीवाल्याला पट्टी बदलता येत असल्याने ही झळ कमी लागते. पण चार मजले पेटी वाहून नेण्याचे काम त्याला चुकत नाही. पखवाजवादकाच्या पिशवीत तर कणकेचा गोळाही असावा लागतो. यजमानांच्या स्वयंपाकघरातून ऐनवेळी कणीक मागून आणण्याचे प्रसंग सर्वांच्याच परिचयाचे आहेत. या श्रमांची नोंद कोणत्याही संचाच्या हिशेबवहीत नसते. साथीची किंमत ठरविताना नारळ, शाल आणि प्रवासखर्चाचे पाकीट एवढेच मोजले जाते.

शब्दाची किंमत

व्यावसायिक वादकाचे संबंध बिदागीने बांधलेले असतात. जास्त बिदागीची तारीख आली म्हणून त्याने कमी बिदागीची सोडली, तर लोक नाक मुरडतात, पण त्यांना ते समजते. हौशी संगतकाराला ही सोय नाही. विनामूल्य भजन सोडून तो पैशाच्या कार्यक्रमास गेला तर 'पैशाला गेला' असे म्हटले जाते. पैशाचा कार्यक्रम सोडून भजनाला बसला तर 'बेभरवशाचा' ठरतो. त्याच्याजवळ देण्यासारखी एकच गोष्ट असते आणि ती म्हणजे त्याचा शब्द. हॉवर्ड बेकर यांनी १९६० मध्ये बांधिलकीची मीमांसा करताना असे दाखविले की, माणूस एखाद्या मार्गाला बांधला जातो तो केवळ त्या मार्गावरील प्रेमाने नव्हे. त्याच्या इतर अनेक गोष्टी त्या निर्णयावर पणाला लागलेल्या असतात, म्हणून तो मागे फिरत नाही. संगतकाराच्या बाबतीत पणाला लागलेली गोष्ट म्हणजे गावातील विश्वास. मुलाच्या शाळेतील प्रवेशापासून शेजारच्या लग्नापर्यंत तोच विश्वास उपयोगी पडत असतो.

म्हणूनच 'बघतो', 'जमवू', 'माझे धरूनच चाला' ही उत्तरे घातक ठरतात. विचारणारा तिन्हींचा अर्थ होकार असा घेतो आणि सांगणारा तिन्हींचा अर्थ 'अजून ठरले नाही' असा घेतो. पूर्वी मंडळाचा सचिव सायकलवरून घरी येत असे. समोरासमोर बसून चहा होताना नकार देणे अवघड असले तरी निदान उत्तर स्पष्ट होत असे. आता व्हॉट्सअॅपच्या गटावर तारीख येते, कुणीतरी अंगठा उंचावल्याची खूण टाकतो आणि ती वचन होती की पोच, हे कार्यक्रमाच्या दिवशीच कळते. दोन संचांना एकच तारीख दिली जाण्याचे प्रकार बेफिकिरीपेक्षा अशा संदिग्धतेतूनच अधिक होतात, असे मानावयास जागा आहे.

भूमिकांचा ताण कसा हाताळला जातो याविषयी विल्यम गूड यांनी १९६० मध्ये मांडलेला विचार येथे लक्षात घेण्याजोगा आहे. माणसावरील सर्व भूमिकांची एकूण मागणी ही नेहमीच त्याच्या आवाक्याबाहेर असते. तो तिची पूर्तता करीत नाही, तर प्रत्येक भूमिकेशी सौदा करीत राहतो, असे गूड म्हणतात. याच्या उलट बाजू सॅम सीबर यांनी १९७४ मध्ये पुढे आणली. भूमिका वाढल्या की ताण वाढतो हे खरे, पण त्याचबरोबर एका भूमिकेतील अपयश दुसरीत भरून निघते आणि एका ठिकाणची मिळकत दुसरीकडे उपयोगी पडते. संगतकारांच्या बाबतीत सीबर यांचे म्हणणे अधिक पटते. कीर्तनाने हजरजबाबी झालेला हात नाटकात उपयोगी पडतो; नाटकातील शिस्त भावगीतात दिसते; आणि कार्यक्रम फसल्याच्या दुसऱ्या दिवशी भजनात बसलेल्या माणसाला तेथे कुणी काही विचारीत नाही. एकाच संचाला वाहून घेतलेला वादक त्या संचात फूट पडली की एकाएकी निराधार होतो. अशा फुटी हौशी संस्थांत काही दुर्मीळ नाहीत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच म्हटले होते की, माणूस ज्या निरनिराळ्या वर्तुळांत वावरतो त्यांच्या छेदातून त्याचे वेगळेपण घडते. गावाच्या दृष्टीने पाहता याला आणखी एक बाजू आहे. जी मंडळे एरवी परस्परांकडे फिरकत नाहीत, ज्यांची आळी, जात किंवा राजकीय कल वेगळा असतो, त्यांच्यामध्ये ये-जा करणारा कित्येकदा एकटा तबलजीच असतो.

घर नावाचा आणखी एक संच

संगतकाराच्या संचांची मोजदाद करताना घर वगळले जाते, आणि ते नेहमी सर्वांत शेवटी उभे असते. सणाच्या दिवशी घरी नसणे हा या छंदाचा अविभाज्य भाग आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे तो दुसऱ्यांच्या दिवाळी पहाटेत असतो. पुरुष संगतकाराची ही अनुपस्थिती घरातील स्त्री निभावून नेते, म्हणून ती हौस ठरते. हीच गोष्ट पेटी वाजविणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत उलटी होते. महिला भजनी मंडळांच्या बैठका दुपारी तीन ते पाच या वेळात होतात, याचे कारण संगीतात नसून स्वयंपाकाच्या वेळांत आहे. त्या वेळी नोकरदार तबलावादक मिळत नाही. मग शिकाऊ मुलगा, इलेक्ट्रॉनिक तबला किंवा भ्रमणध्वनीवरील ठेका यांवर भागवावे लागते. यंत्राचा ठेका समेवर अचूक असतो, परंतु तो गाणारीसाठी थांबत नाही. सायंकाळच्या मिश्र संचात चांगल्या पेटीवादक स्त्रिया कमी का दिसतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या तयारीत शोधणे अन्यायाचे होईल.

बदली वादकाचा प्रश्न

अनुभवी संगतकार अनेक संच कसे निभावतात, हे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. ते सर्वांना सारखा वेळ देण्याचा प्रयत्न करीत नाहीत. एका संचाला ते आपले मूळ घर मानतात आणि हे इतरांना आधीच सांगून टाकतात. 'एकादशी सोडून कधीही' हे एक वाक्य पुष्कळ कटुता टाळते. पंचांग हाती येताच वर्षाचे न हलणारे दिवस ते प्रथम नोंदवितात. तालीम मागणाऱ्या संचांपैकी एका वेळी एकच ते स्वीकारतात, कारण दोन तारखा शेजारी शेजारी बसतात, दोन तालमी बसत नाहीत. आणि नकार द्यावयाचा असल्यास तो ते पहिल्याच दिवशी देतात. उशिरा दिलेल्या होकारापेक्षा लवकर दिलेला नकार आयोजकाला अधिक उपयोगी पडतो, हे त्यांनी बहुधा एखादा संबंध गमावून शिकलेले असते.

परंतु नकाराबरोबर नाव द्यावे लागते, आणि खरी अडचण येथे आहे. 'मी येत नाही, पण अमक्याला पाठवतो' असे म्हणण्यासाठी तो अमका तयार असावा लागतो. बदली वादक पाठविण्यात संगतकाराला स्वतःच्या स्थानाची भीती वाटते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पाठविलेला मुलगा अधिक चांगला वाजवून गेला तर? या भीतीपोटी वर्षानुवर्षे एकटाच सर्वत्र धावणारा, कुणालाही शेजारी न बसविणारा वादक आपल्या परिचयाचा असतो. त्याची नोकरीत बदली होते किंवा त्याचे बोट दुखू लागते, आणि चार मंडळे एकदम मुकी होतात. ज्या गावांत एखादे भजनी मंडळ बंद पडले, तेथे गाणारे संपले होते असे सहसा आढळत नाही.

शेजारी बसविण्याची जुनी रीत साधी आहे. मुलगा आधी टाळ धरतो. पुढे नामगजराला त्याच्याकडे पखवाज दिला जातो, कारण तेथे चुकले तरी गजरात झाकले जाते. वर्षभराने एखादी गौळण त्याच्या वाट्याला येते. बुवा मान हलवून त्याला थांबण्याची जागा दाखवितात, गाणारे त्याच्यासाठी लय किंचित धरून ठेवतात. मंडळाच्या हे अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. पहिल्या चार-सहा बैठकांत 'ते कधी येणार?' असे कुणीतरी विचारतेच. मग एखाद्या एकादशीला दुसरीकडचा कार्यक्रम आटोपून जुना वादक उशिरा पोहोचतो, तेव्हा भजन मध्यावर आलेले असते आणि पखवाज नीट चाललेला असतो. तो चपला काढतो, मागच्या रांगेत कुणाच्या तरी शेजारी जागा करून घेतो आणि टाळ उचलतो.